शुद्धिपत्र

ऑल्डन व्हिचरचं अक्षर लागायला मला एक अख्खा हिवाळा गेला.
त्याचे आर आणि एन म्हणजे जुळे भाऊ.
वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
मी टंकत असायचे
आणि तो चाकूने पेन्सिलीला टोक काढत बसायचा.
पानामागे मला पंधरा सेंट.
त्याला आमदारकीचे, न्यू हॅम्पशरच्या रिवाजाने,
वर्षाला शंभर डॉलर.
एवढ्यात माणूस विकत मिळत नाही, म्हणायचा,
फार तर भाड्याने.

सात वेळा निवडून आला.
गाय व्यायला झाली की अधिवेशन बुडवायचा,
सभापतींना चिठ्ठी: वासरू आडवं आलंय, क्षमस्व.
सभागृहात बोलला दोनदाच.
एकदा मेपलच्या पाकाच्या डब्यांवरच्या शिक्क्याबद्दल,
एकदा, कुणीतरी ती खिडकी लावा.

तिसऱ्या खेपेला धरणाचं बिल आलं.
समितीत अकरा जण, पाच विरुद्ध पाच.
खालच्या शहरात पुराने माणसं गेली होती,
त्यांचे फोटो टेबलावर.
त्याने ते एकेक उचलून पाहिले, चष्मा पुसला,
हात वर केला.

त्या हाताखाली टार्बेल मिल्स गेलं.
एकेचाळीस घरं, करवतीची गिरणी,
त्याची आई जन्मली ती खोली.
थडगी उकरून टेकडीवर नेली, एकशे सत्तावीस.
एकशे अठ्ठावीस होती,
लुएला टार्बेल शेवटपर्यंत म्हणत राहिली.

तेव्हापासून गाव त्याला पाण्यात पाहू लागलं,
जे गाव स्वतःच पाण्यात होतं.
हात वर करून मोकळं होणं
त्याला जमलं असतं. पुराचे फोटो होतेच की.
त्याऐवजी तो पांगलेल्या माणसांची दारं ठोठावत फिरला,
वही काखेत, टोपी हातात.
लुएलाने दोन हिवाळे ओसरीवरच उभा ठेवला.
तिसऱ्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात घेतलं,
गार कॉफी दिली,
आणि चर्चच्या कुठल्या बाकावर कोण बसायचं
ते सांगितलं, खोकल्यांसकट.

नववं प्रकरण टंकताना मी थांबले.
"इथे 'एका सदस्याने' असं घालू?"
"नाव घाल," म्हणाला. "मधल्या आद्याक्षरासकट.
आणि सूचीतही."
तर ते तसं आहे. व्हिचर, ऑल्डन पी., पान दोनशे सतरा.
वरच्या ओळीत व्हिपलांची विहीर,
खालच्या ओळीत व्हिटनीबाईंचं शिवणकाम.

तीनशे प्रती छापल्या. चाळीस खपल्या.
लुएलाने दोन घेतल्या,
त्यातली एक तळ्यात फेकली म्हणे.
मी तिच्या फळीवर दोन्ही पाहिल्यात.

मग एक ऑगस्ट कोरडा गेला.
तळं खाली खाली उतरलं, चिखलातून भिंतींचे दात वर आले.
तो एक्याऐंशीचा. मोजपट्टी घेऊन निघाला,
दुसरं टोक माझ्या हातात.
गुडघ्याएवढ्या गाळात, अचानक ओरडला,
"चुकलं! चुकलं! पूर्वेला आहे!"
लोहाराच्या भात्याचा दगडी पाया.
पुस्तकात तो रस्त्याच्या पश्चिमेला होता.
सात निवडणुकांत कधी पाहिला नाही
इतका खूश झालेला माणूस.

दोनशे साठ चिठ्ठ्या आम्ही खळीने डकवल्या.
'पान चौसष्ट. लोहारशाळा पश्चिमेला नव्हे, पूर्वेला.'
चिठ्ठीवर खाली बरीच जागा उरत होती.
मी विचारलं, दोनशे सतराबद्दल काही?

त्याने ब्रश खळीत बुडवला, काठावर निथळला.
"ते बरोबर छापलंय," म्हणाला.
"या सुकायला पसर."